विश्लेषण : पायांच्या धमन्यांचा आजार जनुकीय चाचणीतून आधीच कळू शकतो का?

भाजी आणायला निघालं की ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो. दोन मिनिटं थांबलं, एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकलं की दुखणं जातं. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तसंच. घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं व्हिटॅमिन कमी पडत असेल, कुणी रात्री तेल चोळून देतं. मधुमेह असलेल्या घरात यापुढचा प्रसंगही पाहिलेला असतो. चपलेने अंगठ्याला साधं खरचटतं, महिना उलटला तरी जखम भरत नाही, बोट काळं पडतं आणि मग सर्जन पाय कुठून कापावा लागेल हे सांगतो.

या दोन प्रसंगांच्या मध्ये बऱ्याचदा काही वर्षं असतात. त्या काळात पायाकडे जाणाऱ्या धमन्या आतून अरुंद होत असतात. या आजाराला पेरिफेरल आर्टेरियल डिसीज, थोडक्यात पीएडी म्हणतात. हृदयाच्या धमन्यांत जे साचून हार्ट अटॅक येतो, तेच इथे पायांच्या धमन्यांत साचतं.

दुसरीकडे सोशल मीडियावर डीएनए चाचण्यांच्या जाहिराती रोज डोळ्यांसमोरून जातात. नळीत थोडी लाळ द्या, तुमच्या रक्तवाहिन्यांचं भविष्य जाणून घ्या, असा त्यांचा सूर असतो. पीएडीशी जोडलेली जनुकं शास्त्रज्ञांना सापडली आहेत, हे खरंच आहे. मग ती जनुकं तपासून कुणाचा पाय धोक्यात आहे हे दहा वर्षं आधी सांगता येईल का? आणि आज ज्याची पोटरी दुखते आहे, त्याचं निदान या चाचणीने होईल का?

किती लोकांना होतो हा आजार?

जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार २०१५ मध्ये सुमारे २३ कोटी ६० लाख प्रौढांना पीएडी होता. त्यातले बहुसंख्य कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रीमंत देशांतल्या म्हाताऱ्यांचा आजार ही त्याची जुनी ओळख त्यामुळे मोडीत निघाली आहे. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं. मधुमेह आणि तंबाखू ही पीएडीची दोन सर्वांत मोठी कारणं. धूम्रपान करणाऱ्यांना तो होण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट असते.

तरीही हार्ट अटॅक आणि पक्षाघाताइतकी त्याची चर्चा होत नाही. एक कारण म्हणजे आजार बराच काळ गप्प असतो. चाललं की दुखतं आणि थांबलं की जातं, हे पुस्तकातलं लक्षण फार थोड्या रुग्णांत दिसतं. अमेरिकेत सुमारे ३५० दवाखान्यांत जवळपास ७ हजार रुग्ण तपासून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीएडी असलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकालाच ही ठरलेली पोटरीदुखी होती. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. ज्यांना पीएडी आधीपासूनच होता, त्यांच्यापैकी ८३ टक्के रुग्णांना आपला आजार माहीत होता. त्यांच्या डॉक्टरांपैकी मात्र फक्त ४९ टक्क्यांना.

पायाच्या पलीकडचा धोकाही आहे. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा त्याच वाटेवर असतात. त्यामुळे पीएडीचा रुग्ण पायापेक्षा हार्ट अटॅकने किंवा पक्षाघाताने दगावण्याची शक्यता जास्त असते.

निदान सध्या कसं होतं?

अगदी साध्या रीतीने. दंडाचा रक्तदाब मोजतात, मग घोट्याजवळ पट्टा बांधून तिथला मोजतात. घोट्याजवळचा प्रवाह कानाला सहज ऐकू येत नाही, म्हणून हातात मावेल एवढं डॉपलर यंत्र वापरतात. घोट्याच्या वरच्या रक्तदाबाला दंडाच्या वरच्या रक्तदाबाने भागलं की एक आकडा मिळतो. त्याला अँकल-ब्रेकियल इंडेक्स, म्हणजे एबीआय म्हणतात. दंडाला १४० आणि घोट्याला ९८ आले, तर भागाकार ०.७०. हा आकडा ०.९० किंवा त्याहून कमी आला की पीएडीचं निदान होतं. १.०० ते १.४० म्हणजे ठीक. सगळा प्रकार पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, सुई टोचावी लागत नाही.

या चाचणीतही एक खोट आहे आणि ती नेमकी भारतीय रुग्णांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. अनेक वर्षांचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. मग पट्टा कितीही फुगवला तरी धमनी दबत नाही आणि आकडा फसवा, जास्त येतो. १.४० च्या वर आकडा आला म्हणजे रक्त जोरात वाहतं आहे असं नव्हे, धमनी दगडासारखी झाली आहे असा त्याचा अर्थ. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजतात, कारण बोटांतल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

म्हणजे नव्या चाचणीला जागा आहे. लक्षणं नसलेला माणूस आधी ओळखणं आणि मधुमेहींमध्ये पट्टा चुकतो तिथे मदत करणं, या दोन कामांसाठी रक्तातल्या किंवा डीएनएतल्या खुणांचा, म्हणजे बायोमार्करचा शोध सुरू झाला.

जनुकं सापडली कशी?

आजार घराण्यात चालतो का, हे पाहण्याचा जुना मार्ग म्हणजे जुळी भावंडं. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या नोंदींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएडी होण्या-न होण्यातल्या फरकाचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा जनुकांचा असल्याचं दिसलं. इतर काही अभ्यासांत हा वाटा बराच कमी निघाला. या टक्केवारीचा अर्थ लावताना नेहमी घोळ होतो. निम्मा वाटा जनुकांचा म्हणजे एखाद्याचा निम्मा आजार आईवडिलांकडून आला, असं नव्हे. त्या लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. सगळेच बिडी ओढू लागले किंवा सगळ्यांनीच सोडली, तर हाच आकडा बदलेल.

पण नेमकी कुठली जनुकं? त्यासाठी लाखो माणसांचा डीएनए लागतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने २०११ पासून स्वेच्छेने रक्त देणाऱ्या सैनिकांचा मोठा संच उभारला. त्याचं नाव मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम. त्यातल्या पीएडी असलेल्या ३१,३०७ आणि नसलेल्या २,११,७५३ जणांच्या डीएनएतली सुमारे ३ कोटी २० लाख ठिकाणं ताडून पाहिली गेली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. डीएनएवरच्या १९ जागा पीएडीशी जोडलेल्या आढळल्या, त्यातल्या १८ तोवर माहीत नव्हत्या. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या माहितीवर त्या पुन्हा तपासल्या गेल्या.

या १९ पैकी ११ जागा पाय, हृदय आणि मेंदू या तिन्ही ठिकाणच्या धमन्यांच्या आजाराशी जोडलेल्या निघाल्या. त्यांत कोलेस्टेरॉल हाताळणारी एलडीएलआर, एलपीएल आणि एलपीए ही जनुकं आहेत. त्यात आश्चर्य काही नाही, कारण धमन्यांत साचणारा गाळ तोच. लक्ष वेधलं ते फक्त पायांशी संबंध दाखवणाऱ्या चार जागांनी. त्यातली एक होती फॅक्टर फाइव्ह लायडेन.

पायाच्या धमनीत गुठळीचं काय काम?

फॅक्टर फाइव्ह हे रक्त गोठवणाऱ्या साखळीतलं एक प्रथिन. नेदरलँड्समधल्या लायडेन शहरातल्या संशोधकांना १९९४ मध्ये त्याच्या जनुकातला एक बदल सापडला. या बदलामुळे गोठण्याची प्रक्रिया वेळेवर थांबत नाही. तोवर हा बदल ओळखला जात होता तो शिरांमधल्या गुठळ्यांसाठी, म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर पोटरीत होणाऱ्या गुठळीसारख्या त्रासासाठी. तो पायांच्या धमन्यांच्या आजारातही दिसावा आणि हृदयाच्या धमन्यांच्या आजारात तितकासा दिसू नये, यातून एक वेगळंच चित्र पुढे आलं. पायाची धमनी नुसत्या चरबीच्या थरानेच अरुंद होते असं नाही, तिथे रक्ताची गुठळी धरण्याचाही मोठा हातभार असावा.

याला दुजोरा औषधांच्या चाचण्यांतून मिळाला. रक्त गोठवणाऱ्या साखळीतला फॅक्टर टेन रोखणारं रिव्हारोक्झाबॅन हे औषध अगदी कमी मात्रेत, २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ॲस्पिरिनसोबत दिलं तर काय होतं, हे कंपास नावाच्या चाचणीत पाहिलं गेलं होतं. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पायांच्या रक्तप्रवाहासाठी शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांवरची व्हॉयेजर ही चाचणी २०२० मध्ये आली. दोन्हींत पाय अचानक धोक्यात येण्याचे प्रसंग कमी झाले, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढला. जनुकांच्या शोधाचं आतापर्यंतचं सर्वांत ठोस फळ हे आहे : आजार समजणं आणि औषधाची दिशा पक्की होणं. एखाद्या माणसाला तुझा पाय जाणार आहे की नाही हे सांगणं, हा निराळा प्रश्न आहे.

तिथे गणित आडवं येतं. फॅक्टर फाइव्ह लायडेनमुळे पीएडीचा धोका वाढतो, पण थोडासाच. समजा, एखाद्या वयोगटात १०० पैकी ५ जणांना पीएडी होतो. एखाद्या जनुकीय बदलाने धोका एक पंचमांशाने वाढला, तर तो बदल असलेल्या १०० जणांत ६ जणांना होईल. उरलेल्या ९४ जणांना तो अहवाल हातात असूनही काही होणार नाही आणि बदल नसलेल्या १०० पैकी ५ जणांना अहवाल स्वच्छ असूनही आजार होईल.

सिगारेटचं जनुक

२००८ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी पंधराव्या गुणसूत्रावरचा एक बदल शोधला. जागा होती मेंदूच्या पेशींवर निकोटिन जिथे चिकटतं, ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकांच्या समूहात. तो बदल असलेले धूम्रपान करणारे लोक दिवसाला जास्त सिगारेट ओढत आणि त्यांना सोडणंही जड जाई. त्याच बदलाचा संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी आणि पीएडीशीही जुळला. अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासातही हीच जागा पुन्हा वर आली.

याला पीएडीचं जनुक म्हणायचं का? तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. पण ते धमनीत शिरतं तंबाखूच्या दारातून. ज्याने तंबाखूचा धूर कधी घेतलाच नाही, त्याच्यासाठी या बदलाला फारसा अर्थ उरत नाही. आणि जो रोज दोन बंडल बिडी ओढतो, त्याला धोका आहे हे सांगायला डीएनए वाचण्याची गरज नाही, खिशात पाहिलं तरी पुरे.

तंबाखूशी याहून घट्ट बांधलेला एक आजार भारतातल्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये तो तपशीलवार मांडला, म्हणून बर्जरचा आजार. तो पस्तिशी-चाळिशीतल्या, बहुतांशी पुरुषांना होतो, हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात आणि बोटं जातात. तंबाखू पूर्ण सोडली तर तो बहुधा थांबतो, न सोडल्यास एकेक बोट जात राहतं. ओढणाऱ्या लाखोंपैकी याच काहींना तो का होतो, याचं उत्तर जनुकांत शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. वापरता येईल अशी चाचणी त्यातून निघालेली नाही.

एका जनुकाने निदान झाल्याची गोष्ट

अपवाद आहेत आणि त्यातला एक सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एका कुटुंबातल्या पाच भावंडांना चालताना पायांत असह्य वेदना होत. त्यांच्या पायांच्या धमन्या कॅल्शियमने भरल्या होत्या, हातांच्या सांध्यांभोवतीही कॅल्शियम साचलं होतं. हृदयाच्या धमन्या मात्र चांगल्या होत्या. कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, कशानेच हे समजावता येत नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निदान न झालेल्या आजारांसाठी एक खास विभाग आहे, तिथे त्यांची तपासणी झाली. आईवडील दूरच्या नात्यातले होते. म्हणजे दोघांकडून एकच बिघडलेली प्रत मुलांत आली असावी, असा संशय होता आणि तो खरा ठरला. एनटी५ई या जनुकात बिघाड होता. हे जनुक सीडी७३ नावाचं एन्झाइम बनवतं, त्यातून तयार होणारा ॲडेनोसिन हा रेणू कॅल्शियमला धमनीत साचू देत नाही. २०११ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा तीन कुटुंबांतले मिळून नऊ रुग्ण होते.

इथे जनुकाने खरोखर निदान केलं, कारण आजार त्या एकाच बिघाडाने होतो. तरुणपणीच पाय दुखू लागले, नेहमीची कारणं नाहीत, भावंडांनाही तोच त्रास आहे आणि घरात नात्यात लग्नं होत आली आहेत, अशा वेळी जनुकीय तपासणीचा विचार करणं रास्त आहे. आतेमामे भावंडांतली लग्नं महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत चालत आली आहेत, तेव्हा हा मुद्दा इथे परका नाही. पण असे आजार अतिशय दुर्मिळ. साठीतल्या मधुमेही माणसाच्या पोटरीदुखीमागे डझनावारी छोट्या जनुकीय बदलांचं, साखरेचं, वयाचं आणि धुराचं मिश्रण असतं. त्यातलं एक जनुक उचलून हेच कारण, असं म्हणता येत नाही.

मग रक्तात काही सापडतं का?

डीएनए चाचणीची मूळ मर्यादा साधी आहे. जन्मतः मिळालेला डीएनए विसाव्या वर्षी जो होता तोच साठाव्या वर्षी असतो. धमनी उघडी असतानाही तोच, बंद झाल्यावरही तोच. त्यामुळे तो फार तर शक्यता सांगू शकतो, आज धमनीत काय चाललं आहे ते सांगू शकत नाही. निदानासाठी आजाराबरोबर बदलणारी खूण हवी.

म्हणून संशोधकांची नजर वळली आरएनएकडे. मायक्रोआरएनए हे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे कुठलं जनुक किती काम करेल हे ठरवतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे तुकडे रक्तात तरंगत असतात आणि मोजता येतात. त्यातला मिआर-१२६ हा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून येतो आणि टाइप-२ मधुमेहात त्याचं रक्तातलं प्रमाण घटलेलं आढळलं आहे. पीएडीच्या रुग्णांतही काही मायक्रोआरएनए कमी-जास्त दिसतात. अडचण अशी की अभ्यास छोटे आहेत आणि एका गटात सापडलेली यादी दुसऱ्या गटात पुरती जुळत नाही. शिवाय मधुमेह, धूम्रपान, ॲस्पिरिनसारखी औषधं, या सगळ्यांनी हे आकडे हलतात. पीएडीचे बहुतेक रुग्ण या तिन्हींत मोडतात.

प्रथिनांचं तसंच. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन पीएडीच्या रुग्णांच्या रक्तात जास्त असतं, असं २००७ मध्ये दिसलं आणि तेव्हा बऱ्याच आशा निर्माण झाल्या. पण मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी ते वाढतं, आणि जुन्या मधुमेहींत मूत्रपिंडाची तक्रार काही विरळ नाही.

भारतीयांसाठी हे किती लागू?

एकेक जनुक कमकुवत असेल, तर शेकडो-हजारो बदलांची बेरीज करून एक गुण द्यायचा, अशी कल्पना गेल्या काही वर्षांत पुढे आली. त्याला पॉलिजेनिक रिस्क स्कोर म्हणतात. वय, लिंग, मधुमेह आणि धूम्रपान माहीत असताना हा गुण पीएडीच्या अंदाजात भर घालतो, पण भर लहान असते.

आणि तो गुण बेतला कुणावर? २०१९ च्या सुमारास जगभरातल्या अशा जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी जवळपास ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. फॅक्टर फाइव्ह लायडेनचंच पाहा. युरोपीय वंशाच्या साधारण १०० पैकी ५ जणांत तो असतो, भारतात तो बराच विरळ आहे. म्हणजे पायांसाठी खास म्हणून जी खूण गाजली, तिच्यातून बहुसंख्य भारतीयांना काहीच कळणार नाही. अहवालात 'बदल आढळला नाही' असं छापून येईल आणि माणूस निर्धास्त होईल.

यात आणखी एक कोडं आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त, तरी तिथल्या अनेक अभ्यासांत त्यांच्यात पीएडी गोऱ्यांपेक्षा कमी आढळला. धूम्रपानातला फरक, धमन्यांचा आकार, रुग्ण तपासणीपर्यंत न पोहोचणं, अशी कारणं सुचवली गेली आहेत, निर्णायक कुठलंच नाही. युरोपीय गुणपत्रिका इथे जशीच्या तशी लावली तर चूक कोणत्या दिशेने होईल, हेदेखील त्यामुळे सांगता येत नाही.

जीनोमइंडिया प्रकल्पाने देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या सुमारे १० हजार लोकांचा संपूर्ण जीनोम वाचला आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. पायाभरणी म्हणून हे मोठं काम आहे. मात्र हा संच मुळात निरोगी लोकांचा आहे. कुठला बदल भारतात किती जणांत आहे ते त्यातून कळेल. तो बदल असलेल्यांचे पाय पुढे धोक्यात येतात का, हे कळायला रुग्ण लागतील.

चाचणी करून घेतली तर बिघडलं कुठे?

पैसे जातात, ही त्यातली छोटी गोष्ट. 'धोका कमी' असा अहवाल पाहून एखाद्याने बिडी चालू ठेवली किंवा न भरणाऱ्या जखमेकडे दुर्लक्ष केलं, तर नुकसान मोठं आहे. 'धोका जास्त' असा अहवाल आला तर पुढे काय करायचं? तंबाखू बंद, साखर-रक्तदाब-कोलेस्टेरॉल आटोक्यात, रोज चालणं. अहवाल नसता तरी डॉक्टर हेच सांगतात.

विम्याचाही प्रश्न आहे. जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारू नये, यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला, आयुर्विमा त्यातही बाहेरच राहिला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. जनुकीय विकार सरसकट वगळणारी आरोग्य विम्यातली अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभाव करणारी ठरवली, पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकदा काढलेला अहवाल परत नळीत घालता येत नाही आणि तो भावंडांबद्दलही काहीतरी सांगून गेलेला असतो.

आज उपयोगी काय आहे?

जनुकाशी सर्वांत जवळचं नातं असलेली आणि साध्या रक्तचाचणीत मोजता येणारी एक गोष्ट आहे, लायपोप्रोटीन(ए). नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये ती शोधली. तिची पातळी मुख्यतः एलपीए जनुकाने ठरते, खाण्यापिण्याने फारशी हलत नाही. म्हणून ती आयुष्यात एकदा मोजली तरी चालते, असं युरोपीय हृदयरोग तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. दक्षिण आशियाई लोकांत, अंदाजे चारांतल्या एकात, ती जास्त असते. घरात कमी वयात हार्ट अटॅक आले असतील तर डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारायला हरकत नाही. ही पातळी उतरवणाऱ्या पेलाकार्सेन या औषधाच्या मोठ्या चाचणीत हृदयरुग्णांबरोबर पीएडीचे रुग्णही घेतले गेले आहेत.

दुसरा उपयोग औषध निवडताना होऊ शकतो. पीएडीत नेहमी दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी यकृतातल्या एका एन्झाइमने बदलल्यावरच काम करते. ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाची मंद आवृत्ती असेल तर गोळीचा परिणाम कमी होतो. ब्रिटनमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात ५७ टक्के लोक असे मंद गटातले निघाले. पीएडीच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी करावी असा नियम अजून नाही. पण डीएनए चाचणीवर खर्च करायचाच असेल, तर पायाचं भविष्य सांगणाऱ्या गुणपत्रिकेपेक्षा हिच्यामागचा पुरावा जास्त पक्का आहे.

एबीआय कुणी मोजून घ्यावा? अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालताना पाय दुखणं, न भरणारी जखम, नाडी न लागणं अशी चिन्हं असतील तर मोजायलाच हवा. लक्षणं नसली तरी ६५ आणि त्यापुढचे, ५० ते ६४ वयातले मधुमेही किंवा धूम्रपान करणारे, आणि पन्नाशीच्या आतले पण मधुमेहासोबत आणखी एखादा धोका असलेले, यांच्यात मोजणं रास्त मानलं आहे. यावर सगळ्यांचं एकमत नाही. अमेरिकेच्याच दुसऱ्या एका तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नसल्याचं म्हटलं होतं. लक्षणं असलेल्यांच्या बाबतीत मात्र वाद नाही.

अमेरिकी अभ्यासातले ३१ हजार रुग्ण सैनिकांच्या रुग्णालयांतल्या संगणकीय नोंदींतून शोधले गेले. त्यांचं निदान आधीच झालेलं होतं, डीएनए नंतर जोडला गेला. भारतीयांसाठी तशी जनुकीय गुणपत्रिका कधी तयार करायची झाली, तर त्याआधी हजारो लोकांना पीएडी आहे की नाही हे नक्की ठाऊक असावं लागेल. त्यासाठी त्यांना चप्पल काढायला सांगून घोट्याला पट्टा बांधावा लागेल, मधुमेहींच्या अंगठ्यालाही, आणि आलेला आकडा केसपेपरवर लिहून ठेवावा लागेल.